कुंपण कुठे घालायचं

पत्र्याचा तुकडा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, ठेवायचा, हात बाहेर काढायचे, दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची. प्रेस खाली येतो. धप्प. तुकडा उचलायचा, दुसरा ठेवायचा. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात ती एवढ्याचसाठी, की ठोका पडताना ऑपरेटरचे दोन्ही हात बटणांवर असावेत आणि डायमध्ये बोट नसावं. चाकणला ज्या कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर म्हणून पहिली नोकरी धरली, तिथले काही प्रेस जुने होते. दोन्ही बटणं दाबलेली आहेत एवढंच त्यांच्या सर्किटला कळायचं. कशानं दाबली, कधीपासून दाबली, ते कळायचं नाही. त्यामुळे एक बटण कशानं तरी अडकवून ठेवलं की दुसरं एका हातानं दाबून काम चालायचं आणि एक हात मोकळा मिळायचा. तुकड्यामागे दीड-दोन सेकंद वाचतात. आठ तासांचा हिशेब तुम्हीच करा.

तिसऱ्या शिफ्टला पहाटे तीनच्या सुमारास मला असं एक अडकवलेलं बटण सापडलं. खोक्याच्या पुठ्ठ्याची चार पदरी घडी, कडा नखानं दाबून पक्क्या केलेल्या, पाचरीसारखी ठोकलेली. घाईगडबडीत केलेलं काम नव्हतं ते. ऑपरेटर चाळिशीतला, जालन्याकडचा. सगळे त्याला मामा म्हणायचे. मी प्रेस बंद केला आणि ओरडलोच असणार, कारण शेजारचे दोन प्रेसही थांबले.

"मामा, बोटं जड झाली का तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाले, "बोटं हायेत की साहेब. टाइम नाही."

मग हळूहळू कळलं ते असं. बायको गावाकडे दवाखान्यात होती. दोन दिवसांची सुट्टी मागितली, तर रिलीव्हर, म्हणजे जागेवर बसायला बदली माणूस, नाही म्हणून मिळाली नाही. शेवटी सुपरवायझरनं मेहरबानी म्हणून सांगितलं, आकडा पुरा कर आणि चारला नीघ. पाचची एसटी गाठली की दुपारपर्यंत घरी. त्यासाठी मोकळ्या हाताची ती धडपड चालली होती.

मी निअर मिसचा, म्हणजे होता होता टळलेल्या अपघाताचा, फॉर्म भरला. त्यात 'मूळ कारण' असा रकाना असतो. मी लिहिलं : ऑपरेटरचा निष्काळजीपणा. 'केलेली उपाययोजना' मध्ये लिहिलं : समज दिली, टूलबॉक्स टॉक (लाइनवरच उभ्या उभ्या सुरक्षेच्या चार गोष्टी) घेतला. जबाब, सही, सुपरवायझरची सही होईपर्यंत साडेपाच वाजले.

पाचची गाडी गेली होती.

पुढच्या दोन महिन्यांत मी मागे लागून त्या प्रेसची सर्किटं बदलून घेतली. आता दर ठोक्याला दोन्ही बटणं सोडून पुन्हा दाबावी लागतात, तीही जवळपास एकाच क्षणी. पुठ्ठा लावून ठेवला तर प्रेस हलतच नाही. त्या कामाचा मला अजून अभिमान आहे. त्या प्रेसवर पुढे कुणाचं बोट गेलं नाही. पण आकडा होता तोच राहिला आणि रिलीव्हरही आला नाही. मामा दिवाळीनंतर परत आलेच नाहीत. हजेरीपटावर काही दिवस 'गैरहजर', मग नाव कमी.

आमच्या धंद्याचा पाया म्हणजे कारखाने अधिनियम, १९४८; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. त्या जुन्या कायद्यातलं कलम २१ यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालायला सांगायचं. कामगारानं सांभाळून हात घालावा, असं म्हणून ते थांबत नव्हतं. माणूस चुकणार, दमणार, पेंगणार, घाई करणार हे धरूनच कुंपण यंत्राला घालायचं. सेफ्टीच्या डिप्लोमाला आम्हाला एक उतरंड घोकून घ्यायला लावतात. धोका मुळातूनच काढता आला तर काढा. नाही जमलं तर त्याच्या जागी कमी धोक्याचं काही आणा. तेही नाही, तर यंत्रात अडसर बसवा. मग नियम, पाळ्या, प्रशिक्षण. आणि सगळ्यात शेवटी, दुसरं काहीच उरलं नाही तर, हेल्मेट आणि हातमोजे. इन्स्पेक्टर आला आणि आपण थेट हातमोजे दाखवायला लागलो, की तो हसतो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे दहा ऑक्टोबर. त्या दिवशी जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो, आणि गेली काही वर्षं आमच्याकडे तो साजरा होतो. चार मार्चला जसा राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, शपथ, पोस्टर, घोषवाक्य स्पर्धा, तसाच. कॅन्टीनमध्ये खुर्च्या मांडतात. बाहेरून वक्ते येतात. एका वर्षी आलेल्यांनी सगळ्यांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावले. रात्रपाळी करून थांबवून ठेवलेली पोरं डोळे मिटताच झोपली. वक्त्यांना वाटलं ध्यान लागलं. नंतर 'काही प्रश्न?' विचारल्यावर मागून एकानं विचारलं, "हा तास ओटीत धरणार का?" सगळे हसले, एचआरच्या मॅडमही. धरला नाही.

मला श्वासाचं वावडं नाही. भिंतीवर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लावलाय, तो मी स्वतः लावून घेतलाय. सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. एका पोरानं त्यावर फोन केला होता आणि त्याला उपयोग झाला, हे त्यानंच मला सांगितलं. हेल्मेटही डोकं वाचवतंच की. मुद्दा एवढाच, की मनाच्या बाबतीत आमची उतरंड शेवटच्या पायरीपासून सुरू होते आणि तिथेच संपते. योग, श्वास, सकारात्मक विचार, समुपदेशन : सगळं माणसाच्या अंगावर चढवायचं. वरून पडणारं जे आहे, ते कोण, कुठून, का टाकतंय, हा प्रश्न त्या खुर्च्यांवर कधी येत नाही.

आमचं रिस्क रजिस्टर बघा. काम, धोका, तीव्रता, शक्यता, दोन्हींचा गुणाकार, उपाय. पेंट शॉपला थिनरची वाफ आहे, फोर्कलिफ्टला आंधळं वळण आहे, कॅन्टीनच्या पायऱ्यांना ओल आहे. शेकड्यांनी ओळी. मी कित्येक वर्षं ते रजिस्टर सांभाळलं आणि त्यात एकही ओळ अशी नव्हती, की जिचा धोका माणसाच्या डोक्यात जाऊन बसतो. आवाजाचा धोका होता, पण डेसिबलचा. ओरडणाऱ्याचा नव्हता.

अमेरिकेतले संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये एक साधी गोष्ट मांडली होती. नुसत्या जास्त कामानं माणूस तितका खचत नाही. काम खूप आणि त्यावर ताबा शून्य, हे दोन्ही एकत्र आलं की खचतो. लंडनमधल्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून व्हाइटहॉल-२ नावाचा अभ्यास झाला, दहा हजारांवर माणसं. त्यातही तेच दिसलं. एका मालकाचे, एकाच शहरातले, टेबलावर बसून काम करणारे लोक, पण ज्यांच्या हातात स्वतःच्या कामाचा ताबा कमी, त्यांना हृदयविकार जास्त. सगळा ताण साहेबलोकांना असतो, ही आपली समजूत. साहेबाला ताण असतोच, पण तो मीटिंग पुढे ढकलू शकतो. प्रेसवरच्या माणसाला लघवीला जायचं तरी विचारावं लागतं.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यापुढे मामा आले नाहीत, आमचे लाइन लीडर आले. वय सव्वीस-सत्तावीस, डिप्लोमा झालेला, लग्न नुकतंच किंवा ठरत आलेलं. वरच्यांच्या आणि खालच्यांच्या सांडशीत सापडलेला प्राणी. प्रत्येक लाइनच्या डोक्याशी एक पांढरा फळा असतो. दर तासाला लिहायचं : टार्गेट इतकं, झालं इतकं. जमलं तर हिरव्या मार्करनं, नाही तर लाल. हा फळा मूळचा चांगला आहे. कुठे अडलं ते लगेच कळावं, मदत धावून यावी, म्हणून तो आला. पण मोबाइल आला आणि दर तासाला त्या फळ्याचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जायला लागला. ग्रुपमध्ये चौदा जण. त्यातल्या कुणाच्याही हातात त्या क्षणी पाना नाही. लाल दिसलं की खाली फक्त एक प्रश्नचिन्ह येतं. कधी तीन. रात्री अकरालाही.

आमचा स्टोअरकीपर एकदा सहज म्हणाला, "तीन नंबर लाइनला लाल मार्कर टिकत नाही. हिरवा पडून असतो, वाळतो."

मी हसलो आणि पुढे गेलो. मग चार पावलांवरून परत आलो. त्याच्याकडून मार्कर दिल्याची वही मागून घेतली. मग फर्स्ट एड रूममध्ये गेलो. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, तीन नंबरची पोरं आठवड्यात दोनदा तरी ॲसिडिटीची गोळी मागायला येतात, डोकेदुखीची वेगळीच. टाइम ऑफिसला विचारलं, तिथे सोमवारच्या दांड्या आणि अर्ध्या सुट्ट्या निघाल्या. ओटीचं रजिस्टर तर माझ्याच कपाटात होतं. गेल्या वर्षी त्या लाइनवरून किती जणांनी बदली मागितली, हे एचआरच्या फायलीत. मानसिक ताण मोजायचा कसा, यावर मी सेमिनारला जाऊन डबा खाऊन आलेला माणूस. मोजमाप पाच टेबलांवर पाच वह्यांत लिहून तयार होतं. एकत्र कुणी ठेवलं नव्हतं.

एक उपद्व्याप आधी मी केला होता, तोही सांगतो. फॉर्म काढला. 'तुम्हाला कामाचा ताण वाटतो का?' वगैरे वीस प्रश्न, पाच पर्याय. दोनशे फॉर्म वाटले, दोनशे आले, आणि निकाल असा की आमच्यासारखा आनंदी कारखाना पृथ्वीतलावर नसेल. मी खूश. मग एका जुन्या माणसानं फॉर्मच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे छापलं होतं : टोकन नंबर, म्हणजे कामगाराचा ओळखक्रमांक. सगळ्या फॉर्मवर असतो म्हणून छापखान्यानं टाकला, मीही बघितला नाही. ठेक्यावरचा पोरगा स्वतःचा टोकन नंबर घालून 'साहेबांची भीती वाटते' यावर टिक करेल, ही अपेक्षा ठेवायला सेफ्टीचा डिप्लोमा लागतो.

जपानमध्ये डिसेंबर २०१५ पासून कायदाच आहे, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी वर्षातून एकदा ताणाची तपासणी करायची. पण त्याचा निकाल कामगाराच्या हातात जातो. त्याच्या संमतीशिवाय मालकाला बघता येत नाही. मालकाला पाहता येतं ते एका विभागाचं एकत्र चित्र. म्हणजे कोण खचलाय हे नाही, कुठे खचतात हे. मला हवं ते हेच होतं, आणि ते लाल मार्करनं आधीच सांगितलं होतं.

अशा वेळी सगळे पहिल्यांदा विचारतात, तीन नंबरचा साहेब कोण? खडूस असणार. गंमत म्हणजे तो माणूस अजिबात खडूस नव्हता. स्वतः रात्री बारापर्यंत थांबायचा, पोरांना वडापाव मागवायचा. त्याच्या लाइनला दोन मॉडेल जास्त आली होती, मशिन तीच, माणसं दोनानं कमी. तो फक्त वरून आलेला आकडा खाली देत होता.

फ्रान्समधला एक खटला मला यासाठी महत्त्वाचा वाटतो. फ्रान्स टेलिकॉम या टेलिफोन कंपनीला बावीस हजार माणसं कमी करायची होती. बऱ्याच जणांचा दर्जा सरकारी नोकराचा, काढून टाकता येत नव्हतं. म्हणून त्यांना कंटाळून स्वतःच जावंसं वाटेल अशी व्यवस्था झाली : बदल्या, पदं काढून घेणं, कामच न देणं. न्यायालयापुढे एकोणचाळीस जणांची प्रकरणं आली, त्यात एकोणीस आत्महत्या. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयानं कंपनीला आणि माजी प्रमुख दिदिए लोंबार यांना दोषी ठरवलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही लोंबार यांचा दोष कायम केला. यातले बहुतेक लोक या प्रमुखाला कधी भेटलेही नसतील. एखाद्या साहेबानं एखाद्या माणसाला छळलं असं सिद्ध करण्याची गरज पडली नाही. धोरणच छळणारं होतं, असा तो निकाल. आमच्या भाषेत, कुंपण घालायची जागा ऑपरेटरच्या हाताजवळ नव्हती, पार वर, मोटरजवळ होती.

आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुण सीए मुलीच्या आईचं पत्र सगळ्यांनी वाचलं. कामाच्या ताणानं माझी मुलगी गेली, असं त्या आईनं लिहिलं होतं. नोकरीला लागून काही महिनेच झाले होते तिला. त्या आठवड्यात आमच्या प्लांट हेडनंही ते पत्र मॅनेजरांच्या ग्रुपवर टाकलं. खाली सगळ्यांनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या. त्याच ग्रुपवर, त्याच्याच खाली, तीन नंबर लाइनच्या नऊ वाजताच्या फळ्याचा फोटो होता. लाल. खाली प्रश्नचिन्ह.

मग मी रजिस्टरमध्ये ओळ लिहिली. काम : असेंब्ली लाइन तीन. धोका : मनुष्यबळापेक्षा जास्त टार्गेट, रिलीव्हर नसणे, शिफ्टनंतर संदेश. तीव्रतेच्या रकान्यात काय लिहायचं यावर दोन दिवस अडलो. बोट गेलं तर चार, जीव गेला तर पाच, असं आमचं कोष्टक. झोप उडाली तर किती? शेवटी चार लिहिलं.

साहेबांनी ती ओळ वाचली. रागावले नाहीत, चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "हे लिहिलंत, तर ऑडिटरला उत्तर द्यावं लागेल."

"म्हणूनच लिहिलं सर."

"आणि उपाय काय लिहिणार? टार्गेट कमी करा? ते माझ्या हातात आहे का? गिऱ्हाइकाची गाडी दारात उभी असते."

खरं होतं ते. त्यांच्याही फळ्याचा फोटो कुठेतरी वर जात होता. मनाच्या आरोग्यासाठी आयएसओचं ४५००३ नावाचं मार्गदर्शन २०२१ मध्ये आलंय, त्यात कामाचा भार, ताबा, भूमिकेतला गोंधळ, वरिष्ठांची मदत हे सगळं धोका म्हणून धरलंय, हे मी त्यांना दाखवलं. त्यांनी विचारलं, "याचं सर्टिफिकेट मिळतं का?" नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह थोडा उतरला. माणूस वाईट नाही. मी त्यांच्या खुर्चीत असतो तर हेच विचारलं असतं.

शेवटी घासाघीस करून तीन गोष्टी पदरात पडल्या. ग्रुपवर फोटो टाकणं बंद. फळा बघायचा तर लाइनवर येऊन बघायचा. याला पहिल्या आठवड्यात फार कुरकुर झाली. मग दोन मॅनेजर खरोखर खाली आले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना दिसलं की एका स्टेशनला स्क्रूचा डबा ऑपरेटरच्या मागे ठेवलाय, दर वेळी वळावं लागतं. डबा पुढे आला. एवढ्यानं लाल कमी झालं असं म्हणणार नाही, पण मार्कर थोडा जास्त टिकला. दुसरी गोष्ट, सुट्टीचा अर्ज लाइनच्या साहेबाकडे न जाता टाइम ऑफिसकडे, कारण ज्याच्या डोक्यावर आकडा आहे त्याच्या हातात सुट्टी दिली तर तो काय करणार? हे निम्मंच जमलं. अर्ज जातो टाइम ऑफिसला, पण पोरं आधी साहेबाला विचारूनच देतात. सवय.

तिसरी, दर शिफ्टला एक रिलीव्हर. कुठल्याच स्टेशनला न बांधलेला, सगळी स्टेशनं येणारा माणूस. यासाठी मला आठ महिने लागले. तीन शिफ्ट, तीन माणसं, त्यांचा वर्षाचा पगार, आणि 'मग हा मोकळ्या वेळात करणार काय?' हा प्रश्न निदान सहा मीटिंगांत. मी मामांची गोष्ट सांगितली नाही. अपघातांचा खर्च, दांड्यांचे आकडे, बदल्यांमुळे नवीन पोरांना शिकवण्याचे दिवस, असं सगळं मांडून पटवलं. खरं कारण पुठ्ठ्याची घडी होतं, पण ती कुठल्या रकान्यात बसवणार?

माझी बायको म्हणते, रात्री फोन वाजला की तू आधी उठून बसतोस, मग बघतोस. सेफ्टीवाल्याचा फोन रात्री चांगल्या कामासाठी वाजत नाही. ही ओळ मी अजून रजिस्टरमध्ये लिहिलेली नाही.

गेल्या महिन्यात तिसऱ्या शिफ्टला राउंडला गेलो होतो. बाहेर पाऊस, तळेगाव रस्त्याला नेहमीसारखी कोंडी, कंपनीची बस तासभर उशिरा आलेली, सगळे आधीच वैतागलेले. तीन नंबरला सहाव्या स्टेशनवर रिलीव्हर बसलेला दिसला. मूळचा पोरगा कुठेय विचारलं. लाइन लीडर म्हणाला, "घरून फोन आलाय साहेब, बाहेर बोलतोय."

"किती वेळ झाला?"

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "अर्धा तास असेल. बोलू दे, बसलाय ना तो."

शेडच्या दारात, पत्र्याच्या पन्हाळीखाली तो पोरगा एका कानात बोट घालून फोनवर बोलत उभा होता. पावसात काही ऐकू येत नव्हतं. मी फळ्याजवळ गेलो. तीनचा आकडा लाल होता. लाइन लीडरनं चारचा रकाना रिकामा ठेवला होता, मार्कर खिशाला लावलेला.